चमचाभर साखरेचा माग

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या, उपाशीपोटी घेतलेल्या १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. गुणाकार करून पाहा: साऱ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. ती अर्ध्या चमच्यावर आली तर घाम सुटतो, हात थरथरतात, बोलण्याचा ताळमेळ राहत नाही. आणखी उतरली तर शुद्ध हरपते. उलट ती दोन-तीन चमचे होऊन वर्षानुवर्षे तशीच राहिली तर दृष्टिपटल, मूत्रपिंडे आणि चेतातंतू हळूहळू निकामी होतात. आपण पुरणपोळीवर ताव मारतो तेव्हा रक्तात येऊन पडणारी साखर चमच्याने नव्हे, वाटीने मोजावी लागेल. तरीही पातळी फार हलत नाही, कारण स्वादुपिंड आणि यकृत हा हिशोब आपल्याला न विचारता सांभाळतात.

ज्याच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन तयार करणे थांबवले आहे, त्याला मात्र हा हिशोब स्वतः ठेवावा लागतो. किती खाल्ले, किती खेळलो, किती इन्सुलिन टोचले, याचा ताळा जमवायचा तर हातात शिल्लक किती आहे हे आधी कळले पाहिजे. आज दंडावर चिकटवलेली नाण्याएवढी चकती ही शिल्लक दर काही मिनिटांनी मोबाइलवर दाखवते. या चकतीमागची मूळ कल्पना १९६२ सालची आहे. ती दंडापर्यंत पोचायला अर्धे शतक का लागले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात रसायनशास्त्र तर आहेच, पण रोग्याच्या शरीरातला आकडा रोग्याला कळू द्यायचा की नाही, हा वादही आहे.

ओसंडणारी टाकी

मधुमेह या नावातच पहिली चाचणी दडलेली आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत आहे. युरोपात थॉमस विलिस यांनी १६७४ साली लघवीच्या गोडीची नोंद केली. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रोग्याची लघवी आटवून साखरेसारखा दिसणारा आणि लागणारा पांढरा अवशेष मिळवला. रक्ताचा द्रवही गोड लागतो हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, रक्तातूनच येते, ही दिशा तेव्हाच मिळाली होती. १८१५ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही साखर द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, असल्याचे दाखवले.

पुढे जीभ बाजूला झाली आणि मोरचूद आले. क्षारयुक्त द्रावणातील तांब्याच्या निळ्या आयनांना ग्लुकोज इलेक्ट्रॉन देते आणि विटकरी रंगाचा क्यूप्रस ऑक्साइड खाली बसतो. ट्रॉमर, फेलिंग आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी ही क्रिया उत्तरोत्तर सुटसुटीत केली. बेनेडिक्टचे द्रावण आपल्या प्रयोगशाळांच्या कपाटात आजही असते. निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी हा क्रम विद्यार्थी पाठ करतात. पण एके काळी मधुमेही माणूस सकाळी उठून स्वयंपाकघरात परीक्षानळी तापवून हेच करत असे, हे त्यांना सहसा सांगितले जात नाही. १९४१ साली अमेरिकेत गोळीच्या रूपात हीच परीक्षा आली. गोळी लघवीच्या थेंबांत टाकली की स्वतःच उष्णता निर्माण करी, त्यामुळे स्टोव्हची गरज उरली नाही. १९५६ साली त्याच कंपनीतील आल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याने नुसती बुडवून पाहायची कागदी पट्टी बाजारात आणली. हेलन फ्री यांना खरे तर इंग्रजी आणि लॅटिनच्या शिक्षिका व्हायचे होते. महायुद्धामुळे मुलगे सैन्यात गेले, विज्ञानाचे वर्ग रिकामे पडू लागले, आणि त्या रसायनशास्त्राकडे वळल्या.

लघवीच्या परीक्षेत एक मूलभूत खोट आहे आणि ती कितीही चांगल्या पट्टीने जात नाही. मूत्रपिंडे गाळलेले ग्लुकोज परत रक्तात घेतात. रक्तातील पातळी १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच उरलेले ग्लुकोज लघवीत उतरते. गच्चीवरच्या टाकीचा जादा पाण्याचा नळ वाहू लागला तर टाकी भरली एवढे कळते. तो कोरडा असेल तर टाकी अर्धी आहे की रिकामी, हे कळत नाही. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी मागच्या काही तासांची गोष्ट सांगते, या क्षणाची नाही. टोरांटोत १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे इन्सुलिनसारखे धारदार औषध असल्या आंधळ्या मोजणीवर वापरले जात होते. टाकी रिकामी होण्याची भीती मोठी, म्हणून ती थोडी भरलेलीच ठेवावी, असा व्यवहार रूढ झाला. त्याची किंमत डोळे आणि मूत्रपिंडे मोजत होती.

१९६५ साली रक्तासाठी पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा टपोरा थेंब ठेवायचा, नेमके साठ सेकंद थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि निळा रंग तक्त्याशी ताडायचा. रंगाच्या छटेवरून होणारा वाद मिटवण्यासाठी १९७० च्या सुमारास पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारे यंत्र निघाले. ते एक किलोहून जड, महागडे आणि फक्त डॉक्टरांनाच विकले जाई. येथे रिचर्ड बर्न्स्टाइन या अभियंत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह होता आणि शरीरावर त्याचे परिणाम दिसू लागले होते. पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावावर त्यांनी यंत्र मिळवले. दिवसातून पाच-सहा वेळा रक्त तपासून, आहार आणि इन्सुलिन यांत थोडे थोडे फेरफार करून, त्यांनी पातळी जवळजवळ निरोगी माणसासारखी आणली. हा अनुभव त्यांनी लिहून काढला, पण वैद्यकीय नियतकालिके तो घेईनात; रोगी घरी स्वतःचे रक्त तपासू शकेल हेच कोणाला पटत नव्हते. शेवटी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. १९७८ साली ब्रिटनमधील दोन गटांनी ‘लॅन्सेट’मध्ये घरच्या घरी रक्त तपासणाऱ्या रोग्यांचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे हवा बदलू लागली.

बुरशीचे विकर

कागदी पट्टीपासून दंडावरच्या चकतीपर्यंत बहुतेक सर्व साधनांचा पाया एकच आहे: ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर. १९२८ साली डेन्मार्कमधील डेटलेव्ह म्युलर यांना ते बुरशीत आढळले. ते पुढील क्रिया घडवून आणते.

ग्लुकोज + ऑक्सिजन + पाणी → ग्लुकोनिक आम्ल + हायड्रोजन पेरॉक्साइड

या विकराचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. एक म्हणजे ते भलतेच चोखंदळ आहे. बेनेडिक्टच्या द्रावणाला इलेक्ट्रॉन देणारी कोणतीही शर्करा चालते. विकराला ग्लुकोजच लागते. वर्गात हे सहज दाखवता येईल. औषधांच्या दुकानात लघवीतील ग्लुकोज तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. ग्लुकोजच्या पाण्यात पट्टी आणि बेनेडिक्टचे द्रावण दोन्ही रंग बदलतात. पातळ केलेल्या दुधात बेनेडिक्टचे द्रावण लॅक्टोजमुळे रंग बदलते, पट्टी बदलत नाही. साध्या साखरेच्या पाण्यात दोन्ही गप्प राहतात. दुसरा गुण असा की विकर उत्प्रेरक असल्यामुळे क्रियेत खर्च होत नाही. कागदी पट्टी एकदा वापरून फेकावी लागते ती रंगद्रव्य संपते म्हणून. विकर बिचारे काम करायला तयारच असते. मग त्याला एका जागी बांधून ठेवून सतत काम करायला लावले तर?

काम किती झाले हे मोजण्याच्या तीन वाटा वरच्या समीकरणातच दिसतात. ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजा. पेरॉक्साइड किती वाढला ते मोजा. किंवा ऑक्सिजनला मध्ये न घेता, विकराने ग्लुकोजपासून काढून घेतलेले इलेक्ट्रॉनच थेट मोजा. या तिन्ही वाटा क्रमाने चोखाळल्या गेल्या आणि संवेदकांच्या तीन पिढ्या त्यावरूनच मानतात.

पहिली वाट लेलँड क्लार्क यांची. हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रांवर ते अमेरिकेत काम करत होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजायला त्यांना सोपे साधन हवे होते. प्लॅटिनमच्या तारेला योग्य उणे विभव दिला तर तिच्यावर ऑक्सिजनचे क्षपण होते आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात विद्युतधारा वाहते, हे ठाऊक होते. अडचण अशी की रक्तातील प्रथिने तारेवर बसून ती निकामी करत. क्लार्क यांनी आधी सेलोफेन आणि मग पॉलिएथिलीनचा पातळ पापुद्रा वापरला. खरी मेख अशी की दोन्ही विद्युतअग्रे त्यांनी पापुद्र्याच्या आतच ठेवली. वायू पापुद्र्यातून आत येतो, प्रथिने बाहेर राहतात. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे विद्युतअग्र आजही पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजायला वापरतात.

१९६२ साली क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी सुचवले की या अग्रावर दोन पापुद्र्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर ठेवावा. ग्लुकोज जितके जास्त, तितका ऑक्सिजन वाटेतच संपेल आणि धारा तितकी कमी होईल. निबंध शस्त्रक्रियेच्या वेळी करायच्या सतत मापनाविषयी होता. म्हणजे सतत मापन ही नंतर सुचलेली सुधारणा नव्हे, पहिल्या दिवसापासूनचे उद्दिष्ट होते. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी विकर जेलमध्ये कोंडून ‘विकर-विद्युतअग्र’ बनवले. १९७३ मध्ये गिलबॉल्ट आणि लुब्रानो यांनी दुसरी वाट धरली, पेरॉक्साइड मोजण्याची. पहिल्या बऱ्याच चकत्या याच तत्त्वावर चालल्या. १९७५ साली क्लार्क यांच्या कल्पनेवर आधारलेले ग्लुकोजमापक प्रयोगशाळांसाठी विकायला आले. टेबलावर बसणारे ते यंत्र फार अचूक होते. ते शरीरात जायचे मात्र बाकी होते.

पंगत आणि वाढपी

टेबलावर चालणारी गोष्ट कातडीखाली का चालत नाही? अभियंत्यांनी अनेक वर्षे ज्या प्रश्नावर डोके घासले तो प्रश्न असा आहे. शरीरातील द्रवात ग्लुकोजच्या रेणूंच्या मानाने ऑक्सिजनचे रेणू फारच थोडे असतात; हे प्रमाण पन्नासास एक, कधी शंभरास एक असे व्यस्त असते. लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेऊ. जेवायला शंभर माणसे बसली आणि वाढपी एकच असेल, तर तासाभरात किती पाने वाढली गेली यावरून वाढप्याचा वेग कळेल, पाहुण्यांची संख्या कळणार नाही. पाहुणे दोनशे झाले तरी आकडा तोच. येथे पाहुणे म्हणजे ग्लुकोज आणि वाढपी म्हणजे ऑक्सिजन. वाढपी वाढवणे आपल्या हाती नाही. मग उपाय एकच: मांडवाचे दार इतके अरुंद करायचे की शंभरातला एखादाच पाहुणा आत येईल, पण वाढप्यांना मात्र मोकळी वाट राहील. संवेदकावरचे सर्वांत बाहेरचे पटल हेच करते. ते ऑक्सिजनला जाऊ देते आणि ग्लुकोजला अडवते. वृत्तपत्रांत या उपकरणांच्या बातम्या येतात त्यांत मोबाइलचे आणि संगणकाचे कौतुक असते. माझ्या मते खरे श्रेय या काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या पटलाला जाते. त्याची जाडी जागोजागी थोडी बदलली तरी प्रत्येक संवेदक वेगळा आकडा देऊ लागतो.

दुसरी अडचण म्हणजे पेरॉक्साइड मोजायला लागणाऱ्या विभवाला इतरही पदार्थ इलेक्ट्रॉन देतात. जीवनसत्त्व ‘क’ त्यांपैकी एक, पॅरासिटामॉल दुसरा. तापाची गोळी घेतली की रक्तशर्करा खोटीच वाढलेली दिसे. अशा रेणूंना अडवायला आत आणखी एक पटल आले. तिसरी अडचण शरीराची. कातडीखाली काहीही खुपसले की शरीर त्याला परके समजते. त्यावर प्रथिने चढतात, पांढऱ्या पेशी जमतात, त्या स्वतःच ग्लुकोज खातात आणि संवेदकाचा आकडा सरकत जातो. म्हणून पहिल्या उपकरणांना दिवसातून दोन-चारदा बोट टोचून ‘तुझे घड्याळ लावून घे’ असे सांगावे लागे.

रक्तवाहिनीत तार ठेवली तर गुठळी होते आणि जंतुसंसर्गाची भीती असते. १९७७ साली बाजारात आलेले ‘बायोस्टेटर’ हे कृत्रिम स्वादुपिंड रक्त सतत बाहेर ओढून घेत असे. ते रोग्याच्या खाटेशेजारी कपाटासारखे उभे राही आणि त्याच्या सेवेला माणसे लागत. १९८२ साली जपानमधील ओसाकाच्या मोटोआकी शिचिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईसारखा बारीक संवेदक कातडीखालच्या ऊतिद्रवात ठेवून दाखवला आणि त्याला इन्सुलिनचा अंगावर बाळगता येणारा पंप जोडला. रक्ताऐवजी पेशींच्या भोवतालचा द्रव मोजायचा, ही वाट येथून रुळली. नदीला पूर आला की काठच्या विहिरीची पातळीही चढते, पण थोडी उशिराने. तसा ऊतिद्रवातील आकडा रक्ताच्या पाच ते दहा मिनिटे मागे असतो. जेवणानंतर किंवा धावल्यानंतर, म्हणजे पातळी झपाट्याने बदलत असताना, चकती आणि बोटाचे रक्त यांत फरक दिसतो तो बहुधा यामुळे. उपकरण बिघडले असे लगेच समजू नये.

तिसरी वाट, इलेक्ट्रॉन थेट मोजण्याची, १९८० च्या दशकात मोकळी झाली. विकराचा क्रियाशील भाग प्रथिनाच्या पोटात खोल असतो, इलेक्ट्रॉन सहजी बाहेर येत नाहीत. १९८४ मध्ये इंग्लंडमधील क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेरोसीन या लोहयुक्त रेणूला हमालाचे काम दिले. तो विकराकडून इलेक्ट्रॉन उचलतो आणि अग्रावर नेऊन टाकतो. १९८७ मध्ये त्यावर चालणारा, पेनाएवढा ग्लुकोजमापक बाजारात आला. घरोघरी दिसणारे मापक त्याच कुळातले. पण सुटा हमाल शरीरात ठेवता येत नाही, तो निसटून जाईल. टेक्सास विद्यापीठातील अ‍ॅडम हेलर यांनी १९९० च्या सुमारास ऑस्मियमची संयुगे जोडलेला बहुवारिक जेल तयार केला. त्यात विकर जणू तारेने अग्राला जोडले जाते आणि हमाल जागचा हलत नाही. ऑक्सिजनची गरज जवळजवळ संपते, विभव कमी लागतो, त्यामुळे तापाच्या गोळीचा त्रासही कमी होतो. हेलर आणि त्यांच्या मुलाने १९९६ मध्ये स्थापन केलेली कंपनी पुढे मोठ्या औषध कंपनीने विकत घेतली आणि त्या जेलचा उपयोग चकतीत झाला.

आकडा कोणाचा?

हे सारे चालू असताना, पातळी काटेकोर ठेवल्याने खरोखर फायदा होतो का, हा वाद मिटलेला नव्हता. तो १९९३ साली मिटला. अमेरिका आणि कॅनडातील १४४१ रोग्यांना सरासरी साडेसहा वर्षे पाहिल्यावर असे आढळले की काटेकोर उपचार घेणाऱ्यांत दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड आणि चेतातंतूंच्या विकारांतही निम्म्याच्या आसपास घट झाली. बर्न्स्टाइन म्हणत होते ते खरे ठरले. पण याच अभ्यासात दुसराही आकडा होता. काटेकोर गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. डोळे वाचवायचे तर कड्याच्या जवळून चालावे लागते, आणि रात्री झोपेत पाय घसरला तर सांगणार कोण? दिवसातून चार वेळा बोट टोचणे म्हणजे चित्रपटातील चार स्थिरचित्रे पाहणे. पहाटे तीनचे चित्र त्यात नसते.

पहिले सतत मापन करणारे उपकरण जून १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते तीन दिवस कातडीखाली राही, दर पाच मिनिटांनी नोंद करी आणि ती नोंद रोग्याला दाखवत नसे! तीन दिवसांनी डॉक्टर ती संगणकावर उतरवून घेत आणि मग रोग्याला सांगत. रोग्याच्या दंडाची, पोटाची, रक्ताची माहिती. पाहायची मात्र इतरांनी. अचूकता कमी आहे, रोगी चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेईल, असे कारण दिले जाई आणि ते अगदीच पोकळ नव्हते. तरीही पहाटे तीन वाजता साखर ४० वर आली हे गुरुवारी कळून उपयोग काय? तीस वर्षांपूर्वी रक्तमापक फक्त डॉक्टरांना विकण्यामागे जे मन होते तेच येथे दिसते, असे मला वाटते.

२००१ साली मनगटी घड्याळाच्या रूपात एक उपकरण आले. ते कातडीतून सौम्य विद्युतधारा सोडून ग्लुकोज बाहेर ओढत असे. कातडीची आग होई, आणि घाम आला की ते मोजणीच सोडून देई. साखर उतरली की पहिले लक्षण घामच असते! ते काही वर्षांतच मागे पडले. रोग्याला चालू आकडा दाखवणारी, धोक्याची घंटा वाजवणारी उपकरणे २००६ च्या सुमारास रुजू लागली. २००८ साली ३२२ रोग्यांवर झालेल्या चाचणीत पंचविशीच्या पुढच्या रोग्यांना स्पष्ट लाभ दिसला. पंधरा ते चोवीस वयाच्या तरुणांत तो दिसला नाही, कारण त्यांतले बरेच जण ते नियमाने अंगावर ठेवतच नव्हते. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेतील एका अभियंता-पित्याला वेगळाच प्रश्न पडला. मुलाचे उपकरण आकडा दाखवी, पण तो मुलाच्या खिशात. मूल शाळेत आणि आईवडील कामावर. त्याने उपकरणाची तार फोनला जोडून आकडे इंटरनेटवर चढवणारी आज्ञावली लिहिली. ती हाती लागताच इतर पालकांनी ती सुधारली, आणि ‘नाइटस्काउट’ नावाची मुक्त प्रणाली उभी राहिली. काही काळाने कंपन्यांनीही तीच सोय अधिकृतपणे दिली. २०१४ साली युरोपात आलेल्या चकतीने बोट टोचून जुळवणी करण्याची गरज काढून टाकली. चौदा दिवस चालणारा तो संवेदक कारखान्यातूनच जुळवून येतो. तिचेच डॉक्टरांनी वाचायचे रूप २०१५ साली भारतात आले. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेत संवेदकाच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी संवेदकाच्या सांगण्यावरून इन्सुलिनचा मूळ प्रवाह स्वतःच कमीजास्त करणारा पंपही मान्य झाला. आजच्या चांगल्या संवेदकांची सरासरी चूक दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते.

सुई नकोच, प्रकाशाने किंवा घड्याळाने साखर सांगा, ही मागणी जुनी आहे. ती का अवघड आहे हे एका भागाकाराने कळते. ग्लुकोजची नेहमीची संहती लिटरला सुमारे ५.५ मिलिमोल, पाण्याची सुमारे ५५ मोल. म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा हजार रेणू, आणि तेही कातडी, मेद, प्रथिने यांच्या गर्दीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर सूचना काढली की कातडीला छिद्र न पाडता साखर मोजण्याचा दावा करणारे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. आपल्याकडे असल्या घड्याळांच्या जाहिराती बिनदिक्कत दिसतात. शिक्षकांनी पालकांना हे सांगावे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एका चकतीला काही हजार रुपये पडतात आणि महिन्याला दोन लागतात. निरोगी माणसे हौसेखातर चकत्या लावून जेवणाचे आलेख पाहतात, आणि ज्या मुलाला रात्रीच्या घंटेची गरज आहे ते बोटच टोचत राहते, हे चित्र शहरांत आताच दिसते.

दंडावर चकती असलेले मूल कोणत्याही वर्गात येऊ शकते, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी. त्या दंडावर रेलून झोपले की खालचा रक्तप्रवाह कमी होऊन आकडा खोटाच उतरतो. कुशी बदलली की तो सुधारतो. पण मूल घामाघूम किंवा गोंधळलेले असेल तर आकड्यावर वाद न घालता लगेच सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज तोंडाने द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. रक्तात एकच चमचा साखर असते, मग तीन चमचे का? कारण दिलेली साखर रक्तात थांबत नाही. ती साऱ्या ऊतिद्रवात पसरते, आणि टोचलेले इन्सुलिन ती पेशींत ढकलतच असते. विद्यार्थ्यांना हा हिशोब करायला द्यावा.

परीक्षेच्या दालनात काय करायचे, हा प्रश्न केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली हाती घेतला आणि मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी बरोबर नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवले की अंगावरचा संवेदक वा पंप परीक्षेच्या वेळी काढायला लावू नये. आकडा पाहण्यासाठी मोबाइल लागत असेल, तर तो पर्यवेक्षकाजवळ ठेवावा आणि त्यावर लक्ष पर्यवेक्षकाने ठेवावे.